हेशेल यांचा ‘शब्बाथ’ : एक परिचय आणि एक तक्रार

शब्बाथ म्हणजे काय हे बेने इस्राएल माणसाने पुस्तकातून शिकण्याची गरज नाही, असे आम्हास पुष्कळ वर्षे वाटत असे. कोकणात आपल्या वाडवडिलांजवळ ना तोरा होती ना रब्बी. शेमा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारचा विसावा एवढ्या शिदोरीवर त्यांनी पिढ्यान् पिढ्या काढल्या. घाणे चालवणाऱ्या या लोकांस गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या इतिहासात ही हकिकत वाचावयास मिळते. गंमत अशी की, ज्या वारी गावचे लोक मारुतीला तेल वाहत, त्याच वारी तेल काढणारे आपले लोक घाणा बंद ठेवून बसत.

तेव्हा निवृत्तीनंतर आमच्या भाचीने अब्राहाम जोशुआ हेशेल यांचे ‘शब्बाथ’ हे पुस्तक आमच्या हाती ठेवले, तेव्हा आम्ही ते जरा नाखुशीनेच उघडले. आता ते तिसऱ्यांदा वाचून झाले आहे. पुस्तक थोर आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची तक्रार वाचून कुणाचा गैरसमज होणार नाही.

हेशेल वॉर्सा शहरी १९०७ साली जन्मले. हसिदी घराणे, तालमुदाचा अभ्यास, मग बर्लिन. महायुद्ध सुरू होण्याच्या काही आठवडे आधी ते पोलंडमधून निसटले व १९४० साली अमेरिकेत पोहोचले. आई व तीन बहिणी त्या युद्धाने नेल्या. पुस्तक निघाले १९५१ साली, न्यूयॉर्कला. ज्या गल्लीतून शुक्रवारच्या संध्याकाळी दिवे दिसत ती गल्लीच जगात उरली नाही, हे ध्यानात ठेवून पुस्तक वाचावे. मग त्यातील भाषा एवढी भारावलेली का, हे आपोआप कळते.

त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. इतर लोकांनी देवासाठी जागा पवित्र केल्या, डोंगर, नद्या, देवळे. आपल्या तोरात सर्वांत आधी पवित्र ठरवला गेला तो एक दिवस. देवालय रोमी लोकांनी पाडले, पण दिवस कुणाला पाडता येत नाही. शब्बाथ म्हणजे काळात उभारलेला राजवाडा, अशी त्यांची प्रसिद्ध उपमा आहे. आणि विश्रांती घ्यायची ती सोमवारी, किंवा इथल्यासारखे रविवारी, जोमाने कामाला लागता यावे म्हणून नव्हे. अलेक्झांड्रियाच्या फायलोने ग्रीकांपुढे शब्बाथची बाजू मांडताना तसे समर्थन केले होते, ते हेशेल यांस मान्य नाही. सहा दिवस सातव्यासाठी आहेत, सातवा सहांसाठी नाही. चाळीस वर्षे हजेरीपटावर जगलेल्या आमच्यासारख्या बाईस हे वाचून पुस्तक मिटून थोडा वेळ नुसते बसावेसे वाटले.

आता तक्रार. दहा आज्ञा तोरात दोनदा आल्या आहेत आणि शब्बाथचे कारण दोन्ही ठिकाणी सारखे नाही. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात ‘झाखोर’, म्हणजे आठवण ठेव. कारण देवाने सहा दिवसांत सृष्टी केली व सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ‘शामोर’, म्हणजे पाळ. कारण तू मिसरात गुलाम होतास. तिथे तुझा दास व दासी यांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा असे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्याच यादीत बैल व गाढवही आहेत. निर्गमाचा तेविसावा अध्याय तर याहून पुढे जातो. तिथे सातव्या दिवसाचे कारणच बैल, गाढव, दासीचा मुलगा आणि परका यांना श्वास घेता यावा, हे आहे.

हेशेल यांनी हे वाचले नव्हते असे कोण म्हणेल? त्यांच्या पुस्तकात स्वातंत्र्याचा विचारही आहे. पण ते स्वातंत्र्य बव्हंशी ज्याच्यापाशी यंत्रे, पैसा आणि धावपळ आहे त्याचे आहे. त्याने एक दिवस आपल्याच वस्तूंच्या तावडीतून सुटावे, एवढे. दासीच्या मुलाचा श्वास त्या मानाने कमी ऐकू येतो. आमच्या कोकणातल्या घाण्याच्या बैलाला सृष्टीच्या उत्पत्तीचे काय ठाऊक असणार? पण शनिवारी त्याच्या मानेवर जू नसे, आणि तेवढ्यापुरता तो मिसरातून सुटलेला असे. हे दुसरे कारण आपल्या लोकांना न वाचता समजले होते, असा आमचा अभिमान आहे.

खुद्द हेशेल यांनीच एक गोष्ट सविस्तर सांगितली आहे, ती आमच्या बाजूची साक्ष आहे. रब्बी शिमोन बार योहाई रोमी राज्याविरुद्ध बोलले, म्हणून त्यांना व त्यांच्या मुलाला बारा वर्षे गुहेत लपावे लागले. बाहेर आले तो लोक नांगरताना दिसले. अनंतकाळ सोडून हे मातीत काय रमले आहेत, असा संताप येऊन त्यांची नजर जाई तिथे आग लागू लागली. तेव्हा आकाशवाणीने त्यांना आणखी एक वर्षासाठी गुहेत परत धाडले. पुन्हा बाहेर पडले तेव्हा शुक्रवारची तिन्हीसांज होती आणि एक म्हातारा सुवासिक मेंदीच्या दोन जुड्या घेऊन लगबगीने चालला होता. दोन कशाला? एक झाखोरची, एक शामोरची. ते ऐकून बापलेकांचे मन शांत झाले. हेशेल या म्हाताऱ्यावर फार सुंदर लिहितात. पण म्हाताऱ्याच्या हातात जुड्या दोन होत्या, आणि पुस्तकभर दरवळतो तो प्रामुख्याने पहिलीचा वास.

उगमाचा विषय निघाला म्हणून सांगतो. शब्बाथ बाबेलहून आला असे म्हणणारे पंडित आहेत. बाबेलात पौर्णिमेच्या दिवसाला ‘शपत्तू’ म्हणत, आणि महिन्याचे सातवा, चौदावा, एकविसावा असे काही दिवस अशुभ मानून राजाने अमुक करू नये, तमुक खाऊ नये असे निर्बंध होते. शब्दांत साम्य आहे खरे. परंतु ते दिवस चंद्राच्या कलांशी बांधलेले होते, आपली सातांची मोजणी चंद्राकडे पाहतच नाही. शिवाय तिथे राजाला भीती, इथे दासीला सुटी. हे साम्य आम्हास तरी फार दूर नेत नाही.

ख्रिस्ती रविवारच्या खोलात हेशेल शिरत नाहीत. आपल्या वाचकांना मात्र तो प्रश्न नेहमी पडतो, कारण मुंबईत आपण रविवारच्या सुटीवरच वाढलो. येशूचे पहिले अनुयायी यहुदीच होते व शब्बाथला सिनेगॉगमध्ये जात. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला, म्हणून ते त्या दिवशीही जमू लागले. इसवी सन १५० च्या सुमारास रोममधील जस्टिन याने अशा रविवारच्या सभेचे वर्णन करून ठेवले आहे. पण ती उपासनेची सभा होती, कामाची बंदी नव्हे. सुटीचा हुकूम काढला तो कॉन्स्टन्टाईन बादशहाने, ३२१ साली. न्यायालये आणि शहरांतील कारागिरांची कामे ‘सूर्याच्या दिवशी’ बंद. शेतकऱ्याला मात्र हवामान थांबत नाही म्हणून नांगरण्याची मोकळीक. म्हणजे घाण्याचा बैल सुटला, नांगराचा नाही! त्यानंतर चौथ्याच शतकात लाओदिकिया येथील धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी शनिवारी यहुद्यांप्रमाणे विसावा घेऊ नये, काम करावे, असा नियम केला. नियम करावा लागला, याचा अर्थ पुष्कळजण तोवर शनिवार पाळीत होते. इथिओपियाच्या चर्चने तर दोन्ही दिवसांचा मान ठेवला. आणि ज्या मिशनऱ्यांच्या मराठी बायबलातून आपल्या पणजोबांनी सातवा दिवस पाळण्याची आज्ञा वाचली, ते स्वतः पहिला दिवस पाळत होते, हेही नमूद करण्यासारखे आहे.

तरीही रविवारला नावे ठेवण्याची आमची इच्छा नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १० जून १८९० रोजी मिळवली. त्यात ना तोरा होती ना चर्च. रविवार खंडोबाचा वार, असेही त्या मागणीत होते म्हणतात. अनुवादाच्या पाचव्या अध्यायाच्या सर्वांत जवळ जाणारी घटना आम्हास तीच वाटते.

आता थोडे आमच्या धंद्याविषयी, कारण तक्रारीचे मूळ तिथे आहे. दक्षिणेकडील एका इस्पितळात आम्ही नोकरी केली, आणि त्यातले किती शब्बाथ वॉर्डात गेले याचा हिशेब नाही. सलाईन बदलायचे, तापाचा तक्ता लिहायचा, विजेचे बटण दाबायचे, सगळीच मना केलेली कामे. एकदा एका विद्वान गृहस्थांनी व्याख्यानात म्हटले की, परिचारिकेला शब्बाथला काम करण्याची ‘सवलत’ आहे. आम्ही मागच्या रांगेत होतो, बोललो नाही. सवलत नव्हे हो! जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडणे हे कर्तव्य आहे आणि त्यात तत्परता दाखवणाऱ्याची शास्त्रात स्तुती आहे. शब्बाथ माणसाच्या स्वाधीन केला आहे, माणूस शब्बाथच्या नव्हे, असे आपल्या ऋषींचे मत आहे, आणि मार्काच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडीही जवळजवळ तसेच वाक्य आहे. आमच्या वॉर्डातील अरब ख्रिस्ती भगिनी आमचा शनिवार सांभाळत, आम्ही त्यांचा नाताळ. वडील हयात होते तोवर ड्यूटीवरून परत येईपर्यंत मनुकांच्या सरबताचा पेला बशीने झाकून ठेवत, आणि रात्री अकराला का होईना, आमच्यासाठी पुन्हा किद्दूश म्हणत. राजवाड्याचे दार त्यांनी आमच्यासाठी उघडे ठेवले होते. हेशेल यांच्या पुस्तकात अशा दाराचा एखादा परिच्छेद असता तर!

हे जुने उगाळण्याचे कारण आजचे आहे. हेशेल यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १९५१ साली, इस्राएलच्या संसदेने कामाचे तास व विश्रांतीचा कायदा केला: आठवड्यात किमान छत्तीस तास सलग विसावा, यहुद्याला शब्बाथ धरून, इतरांना शुक्रवार, शनिवार वा रविवार यांपैकी त्यांच्या धर्माचा दिवस. अनुवादाचा पाचवा अध्यायच जणू सरकारी भाषेत उतरला. आज आपल्या समाजातील किती घरांत फिलिपिन्सची, नेपाळची, केरळची मुलगी आपल्या वृद्धांची काळजी घेत घरातच राहते! २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, घरात राहून काळजी घेणाऱ्यांना त्या कायद्यातील जादा तासांचा नियम लागू होत नाही. न्यायाधीशांची अडचण आम्ही समजू शकतो. म्हाताऱ्या माणसाची रात्र तासांत मोजता येत नाही. पण तिचा साप्ताहिक सुटीचा दिवस तरी? “रविवारी ती चर्चला गेली तर आईला उचलणार कोण?” असे आमच्याच नात्यातल्या एका वहिनींनी आम्हास विचारले. त्यांच्या घरी शुक्रवारी दिवे लागतात, हमोत्सी होते, शब्बाथला गॅस पेटत नाही. आम्ही म्हटले, वहिनी, मी येते. गेले वर्षभर एक रविवार आड आम्ही जातो. उरलेल्या रविवारी त्यांचा मुलगा येतो. त्या मुलीला दोन गावे पलीकडे जाऊन आपल्या भाषेत उपासना करता येते आणि परतताना ती आमच्यासाठी काहीतरी गोड आणते.

पुस्तकाविषयी दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. इल्या शोर यांनी काढलेली लाकडी ठशांची चित्रे त्यात आहेत, ती एकेक पाहत बसावी अशी. इंग्रजी सोपे नाही, परंतु पुस्तक लहान आहे, हिब्रूतही मिळते. मराठीत कुणी आणावयाचे मनावर घेतले तर ‘मेनुहा’ या शब्दापाशी अडेल. हेशेल यांच्या मते सातव्या दिवशी जी गोष्ट निर्माण झाली ती हीच. ‘विश्रांती’ म्हटले की दवाखाना आठवतो, ‘सुटी’ म्हटले की कचेरी. आमची सूचना ‘विसावा’. आणि चित्रे गाळू नयेत.