स्वामित्वचिन्ह, मुखपृष्ठ आणि मराठी ग्रंथ : एक टिपण

ग्रंथाच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेले कलात्मक स्वामित्वचिन्ह एका प्रतीचे असते. मुखपृष्ठ संपूर्ण आवृत्तीचे. आल्ब्रेख्ट ड्यूररने सोळाव्या शतकाच्या आरंभी विलिबाल्ट पिर्कहाइमरसाठी रचलेल्या चिन्हावर ग्रंथ ‘स्वतःसाठी व मित्रांसाठी’ असल्याचे नमूद आहे. मालकीच्या खुणेतच तेथे देवघेवीची उदारता सामावली आहे.

मराठीत ही चित्रखूण फारशी रुजली नाही. स्वाक्षरी व रबरी शिक्का यांनीच ते काम भागवले. ग्रंथाला दृश्य व्यक्तिमत्त्व दिले ते चित्रकारांनी. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांची रंगसमृद्ध मुखपृष्ठे आशयाकडे निमंत्रण देतात. वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांची ‘बटाट्याची चाळ’मधील रेखाचित्रे आशयावर भाष्य करतात. प्रस्तुत लेखकास दुसरी भूमिका अधिक मोलाची वाटते. चित्रकार तेथे ग्रंथाचा वाचक ठरतो, आणि स्वामित्वचिन्हही अखेर वाचकाचीच साक्ष असते.

ग्रंथालयात पुनर्बांधणीच्या वेळी मूळ मुखपृष्ठ टाकून दिले की ही साक्ष नष्ट होते. ताथवडेसारख्या तंत्रशिक्षणाच्या परिसरात, जेथे ललित वाङ्मयाचे कपाट लहानच असते, ही हानी अधिक जाणवते. बांधणीपूर्वी मुखपृष्ठ काढून ते नव्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवावे. आवृत्तीचे चित्र मग त्या प्रतीचे चिन्ह होईल.