धुराची किंमत

हा फोटो तुम्ही पाहिलेला असणार, कुणाचा आहे ते माहीत नसलं तरी. एखाद्या कॅफेच्या भिंतीवर, जॅझ प्लेलिस्टच्या कव्हरवर किंवा कुणाच्या तरी फोनच्या वॉलपेपरवर. मागे गडद काळोख, डोक्यावर हॅट घातलेला एक उंचापुरा तरुण, मांडीवर सॅक्सोफोन, हातात सिगारेट आणि समोर पसरत गेलेला पांढराशुभ्र धूर. तरुणाचं नाव डेक्स्टर गॉर्डन. जागा न्यू यॉर्कमधला रॉयल रूस्ट हा क्लब, साल १९४८. फोटो काढणारा हर्मन लेनर्ड. दोघांचाही जन्म १९२३चा, म्हणजे दोघंही तेव्हा पंचविशीत.

आज या फोटोची सही केलेली ‘फाइन आर्ट प्रिंट’ घ्यायची तर लाखांत पैसे मोजावे लागतात. तीच प्रतिमा फोनवर फुकट दिसते. मग घेणारा नक्की काय विकत घेतो?

बाजाराचं उत्तर सरळ आहे: दुर्मीळता. प्रिंटवर ‘२५ पैकी ७’ असा आकडा असतो. तेवढ्याच काढल्या, पुन्हा काढणार नाही, असा तो शब्द असतो. पण निगेटिव्ह काही झिजत नाही. पंचविसावी प्रिंट काढल्यावर सव्विसावी काढायला कसलीच अडचण नसते. ती काढायची नाही असं कुणीतरी ठरवलेलं असतं, एवढंच. शिवाय आकार बदलला की त्या आकाराची नवी मालिका सुरू करता येते. हा आकडा कलेबद्दल काही सांगत नाही. तो विक्रीची शिस्त सांगतो.

गंमत म्हणजे या प्रिंट्सची पहिली किंमत क्लबचं तिकीट होती. कॅनडात युसूफ कार्शकडे वर्षभर सहाय्यक म्हणून काम करून लेनर्ड न्यू यॉर्कला आला. रोज रात्री क्लबचं तिकीट काढण्याइतके पैसे खिशात नव्हते. तेव्हा त्याने क्लबमालकांशी सौदा केला: मला आत सोडा, मी तुम्हाला जाहिरातीसाठी फोटो देतो. क्लबातल्या दिव्यांच्या शेजारीच तो आपले फ्लॅश लावायचा. त्यामुळे जागेचा उजेड होता तसाच राहायचा, फक्त वाढायचा. धूर दिसायला प्रकाश मागून यावा लागतो. समोरून फ्लॅश मारला तर तो विरून जातो. गॉर्डनसमोरचा धूर इतका घट्ट, जवळजवळ हाताला लागेल असा दिसतो तो या मागून आलेल्या उजेडामुळे.

पुढे लेनर्ड पॅरिसला गेला, फॅशन आणि जाहिरातीचं काम करू लागला. जॅझच्या निगेटिव्ह अनेक वर्षं पडून होत्या. १९८५ साली त्यांचं पुस्तक आलं, १९८८ साली लंडनमध्ये प्रदर्शन झालं, आणि तिथून त्यांची ‘कला’ झाली. नंतर तो न्यू ऑर्लिन्सला राहायला गेला. २००५च्या कतरिना वादळात त्याच्या घरात पाणी शिरलं आणि सुमारे ८,००० प्रिंट्स गेल्या. निगेटिव्ह मात्र त्याआधीच तिथल्या ऑग्डेन म्युझियममध्ये सुरक्षित हलवल्या होत्या.

निगेटिव्ह वाचल्या, मग गेलं काय?

मला वाटतं, प्रिंट म्हणजे काय ते इथे कळतं. डार्करूममध्ये कागदावर उजेड पाडताना प्रत्येक वेळी ठरवावं लागतं: चेहरा किती उजळ ठेवायचा, कोट काळोखात कुठे बुडू द्यायचा, धुराचा पांढरा कुठे थांबवायचा. निगेटिव्हमध्ये ही उत्तरं नसतात. त्या ८,००० कागदांबरोबर एका माणसाचे हजारो निर्णय वाहून गेले. आकड्यापेक्षा मोलाचं काही प्रिंटमध्ये असेल तर ते हेच. म्हणून संग्राहकाने आधी विचारावं की ही प्रिंट कुणी काढली, कधी काढली आणि छायाचित्रकार तेव्हा हयात होता का. लेनर्ड २०१० साली वारला.

पण या सगळ्या व्यवहारात गॉर्डन कुठे आहे? फोटोचा हक्क सहसा फोटोग्राफरचा. प्रिंट विकली गेली की वादकाच्या घरी त्यातलं काही जात नाही. आपल्याकडे घरात गायकाचा फोटो लागतो तो बहुतेकदा हार घालून, आणि तो कुणी काढला हे कुणी विचारत नाही. इथे नेमकं उलटं: सही फोटोग्राफरची, आणि वादक उरतो तो एक ‘मूड’ म्हणून. या फोटोनंतरची काही वर्षं गॉर्डनने हेरॉइनच्या व्यसनात आणि तुरुंगात काढली. १९९० साली तो गेला तेव्हा त्याला स्वरयंत्राचा कॅन्सर होता. हे कळल्यावर तो धूर पूर्वीसारखा नुसता सुंदर दिसत नाही. फोटोचा हा दोष नव्हे. दोष आपल्या पाहण्यातला आहे.

म्हणून मला लेनर्डचा दुसरा एक फोटो जास्त मोठा वाटतो. तोही १९४८चाच, लेस्टर यंगचा. त्यात लेस्टर यंग नाहीच. सॅक्सोफोनची पेटी आहे, त्याची ती ओळखीची चपटी हॅट आहे, आणि कोकच्या बाटलीवर जळती सिगारेट टेकवून ठेवलेली आहे. माणूस आत्ताच उठून गेलाय. देखणा चेहरा नसल्यामुळे या फोटोवर भाळता येत नाही, त्या माणसाबद्दल विचार करावा लागतो. भिंतीवर रोज डोळ्यांसमोर राहील असा फोटो मी हा निवडेन.

गॉर्डनच्या फोटोतही एक गोष्ट नजरेतून सुटते: तो वाजवत नाहीये. सॅक्सोफोन मांडीवर आहे. आवाज दुसरीकडे आहे, उदाहरणार्थ १९६२च्या ‘गो’ या अल्बममध्ये. प्रिंट घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण आधी तो ऐका.