देव सुटले, भय का सुटले नाही? : श्रद्धेच्या कारणांची एक चिकित्सा

माणसे धर्मश्रद्धा का धरतात आणि का सोडतात, या प्रश्नाची जी उत्तरे दिली जातात ती बहुधा उत्तर देणाराच्या सोयीची असतात. परंपरेचा अभिमानी म्हणतो, धर्म जन्माबरोबर येतो. राजकारणी म्हणतो, तो लाभासाठी धरला वा सोडला जातो. बुद्धिवादी म्हणतो, श्रद्धा हे केवळ अज्ञान आहे. या तिन्ही उत्तरांची परीक्षा घेण्यास १९५६ च्या धम्मक्रांतीइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. ती परीक्षा येथे करावयाची आहे. आणि ती करताना आपल्या स्वतःच्या घराकडेही पाहावयाचे आहे, कारण दुसऱ्याच्या श्रद्धेची चिकित्सा करणे नेहमीच सोपे असते.

लेखाचे निमित्त लहान आहे. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर येथे वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. तिसऱ्या खंडातील ‘अधम्म म्हणजे काय’ हा भाग त्या दिवशी वाचला गेला. वाचन संपताच एका तरुण कार्यकर्त्याने समोर बसलेल्या वृद्ध उपासिकेला सर्वांदेखत जाब विचारला. नातवाचा ताप उतरत नव्हता म्हणून तिने त्याच्या दंडाला मंतरलेला गंडा बांधला होता. लहानपणी आईवडिलांचे बोट धरून दीक्षेसाठी नागपूरला गेलेली ही बाई. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “देव तं भाऊ, माह्या बापानं छप्पन सालीच नदीत टाकले. पन भेव कोनं टाकलं?” त्यानंतर ती वाचनाला आली नाही. आम्ही त्या सभेत बसलो होतो. त्या तरुणाला आम्ही थांबवले नाही आणि त्या बाईंना उत्तरही दिले नाही. ते उत्तर शोधण्याचा हा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

पहिले उत्तर जन्माचे. दिनांक १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. त्यावर गांधीजींचा आक्षेप असा होता की, धर्म म्हणजे इच्छेनुसार बदलावे असे घर किंवा अंगावरचा झगा नव्हे. तो माणसाच्या अस्तित्वाचाच भाग आहे. पुढच्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहावयास आले. त्यामुळे आमच्या जिल्ह्यात हा विचार आजही आदराने सांगितला जातो. आदर बाजूला ठेवून त्याची चिकित्सा करावी लागेल. धर्म हा अस्तित्वाचा भाग आहे असे मानले, तर अस्पृश्याच्या अस्तित्वाला चिकटलेला तो भाग कोणता होता? श्रद्धा नव्हे, कारण देवळाचे दार त्याला बंद होते. ज्ञान नव्हे, कारण ग्रंथ त्याला निषिद्ध होते. जन्माबरोबर त्याला मिळाली ती फक्त जात. म्हणजे जन्माचे उत्तर श्रद्धेचे कारण सांगत नाही; ते माणसाचे स्थान तेवढे पक्के करते. दिनांक ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत केलेल्या ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात बाबासाहेबांनी धर्माची कसोटी उलटी मांडली. माणूस धर्मासाठी नसून धर्म माणसासाठी आहे, हा तिचा गाभा होता.

धर्मांतर म्हणजे उतावीळपणा, असाही एक सूर तेव्हा निघाला होता. येथे मज्झिम निकायातील उपालि सुत्ताची आठवण होते. नालंदेचा गृहपती उपालि निगंठांचा उपासक होता. तो वाद करण्यासाठी भगवंतांकडे आला आणि पटल्यावर लगेच शरण जाऊ लागला. भगवंतांनी त्याला घाईने स्वीकारले नाही. तुझ्यासारख्या प्रतिष्ठित माणसाने नीट विचार करून निर्णय घ्यावा, असे त्याला सांगितले. पुढे निगंठांना दान देणे बंद करू नकोस, असेही सांगितले. श्रद्धा बदलण्यापूर्वी विचार आणि बदलल्यावर जुन्यांविषयी सद्भाव, हा या सुत्ताचा धडा आहे. येवल्याची घोषणा आणि नागपूरची दीक्षा यांत २१ वर्षांचे अंतर आहे. इतका काळ विचार करून स्वीकारलेल्या धर्माला अंगावरचा झगा म्हणता येत नाही.

दुसरे उत्तर लाभाचे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. लाभ हेच कारण असते तर हा आकडा उलट दिशेने जावयास हवा होता. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानुसार बौद्ध होणारा माणूस केंद्राच्या सवलतींना मुकत होता. महाराष्ट्राने राज्यपातळीवर काही सवलती दिल्या हे खरे. परंतु केंद्राच्या आदेशातील दुरुस्ती १९९० साली झाली. म्हणजे चौतीस वर्षे जनगणनेच्या कागदावर ‘बौद्ध’ लिहिणे हा तोट्याचा व्यवहार होता. तरीही लाखो निरक्षर, भूमिहीन माणसांनी तो केला. काहींनी शाळेच्या दाखल्यावर जुनीच नोंद ठेवली, हेही नाकारण्याचे कारण नाही. पण घरातील देव्हारा त्यांनीही रिकामा केला. माणूस पोटासाठी पुष्कळ काही करतो, परंतु प्रतिष्ठेसाठी पोटही बाजूला सारतो, हे या आकड्यांनी सिद्ध केले आहे.

तिसरे उत्तर अज्ञानाचे. हे आपल्यातील सुशिक्षितांचे आवडते उत्तर आहे, म्हणून त्याची चिकित्सा अधिक काटेकोरपणे करावी लागेल. त्याच्या समर्थनार्थ अंगुत्तर निकायातील कालामांना केलेला उपदेश नेहमी सांगितला जातो. परंतु आपण तो अर्धाच सांगतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, एवढे आपण आवर्जून सांगतो. त्याच यादीत केवळ तर्काला पटते म्हणून स्वीकारू नका, आणि हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही स्वीकारू नका, असे आहे. ही दोन कलमे आपल्या भाषणांत क्वचितच येतात. भगवंतांची कसोटी वेगळी आहे. ज्या गोष्टीने लोभ, द्वेष आणि मोह वाढतात, जी अहिताकडे आणि दुःखाकडे नेते, ती स्वतः जाणून सोडा. ही आचरणाची कसोटी आहे, वादविवादाची नव्हे. भरसभेत एका वृद्धेला खाली मान घालावयास लावणारा तर्क या कसोटीवर उतरत नाही.

मग श्रद्धेचे कारण कोणते? धम्मपदातील बुद्धवग्गात त्याचे उत्तर आहे. भयाने ग्रासलेली माणसे डोंगर, वने, उद्याने, वृक्ष आणि चैत्य यांना शरण जातात. हे शरण क्षेमकारक नाही, असे तेथे सांगितले आहे. या वचनाचा उत्तरार्ध आपण वापरतो, पूर्वार्ध विसरतो. भगवंतांनी या माणसांना मूर्ख म्हटले नाही. ती भयभीत आहेत असे म्हटले. अज्ञानावर व्याख्यान चालते. भयावर ते चालत नाही. हिंगणघाटच्या परिसरात कापूस पिकतो. पाऊस लांबला, भाव पडला, कर्ज थकले आणि त्यातच लेकरू आजारी पडले, की भय दार ठोठावते. त्या रात्री सोबत कोण येते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. गंडा देणारा येतो. विहारातून कोणी येते काय?

या दृष्टीने १९५६ कडे पाहिले म्हणजे एक गोष्ट उलगडते. देव नदीत टाकण्याचे धैर्य एकेकट्या माणसाला झाले नसते. त्या दिवशी लाखो माणसे एकमेकांच्या साक्षीने उभी होती, म्हणून देवाच्या कोपाचे भय गळून पडले. बावीस प्रतिज्ञांची रचनाही विचारपूर्वक आहे. आरंभीच्या प्रतिज्ञांत बहुतांशी नकार आहे. नवव्या प्रतिज्ञेपासून समता, अष्टांगिक मार्ग, पारमिता, करुणा आणि शील यांचा स्वीकार येतो. नकार एका दिवसात घेता येतो. स्वीकार रोज करावा लागतो. ग्रंथाच्या चौथ्या खंडात बाबासाहेब म्हणतात की केवळ नीती पुरेशी नाही, ती पवित्र आणि सर्वव्यापी असली पाहिजे. याचा अर्थ आम्ही असा करतो की, जुनी श्रद्धा काढून मन रिकामे ठेवता येत नाही. आपण पहिल्या आठ प्रतिज्ञांचे पहारेकरी झालो आणि पुढच्या प्रतिज्ञांचे कार्यकर्ते व्हावयाचे राहिलो.

येथे काही जण कायद्याकडे बोट दाखवतील. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २०१३ मधील हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि तो आवश्यकच होता. परंतु कायदा भोंदूला पकडतो. त्याच्या दारी जाणाऱ्याच्या मनातील भय तो पकडू शकत नाही. दुसरी सावधगिरी आपल्या विहारांनी घेतली पाहिजे. परित्राण पाठानंतर मनगटाला बांधला जाणारा पांढरा दोरा संघाच्या मैत्रीची खूण असेल तर हरकत नाही. पण तो रोग पळवतो म्हणून बांधला जात असेल, तर त्या गंड्यात आणि या दोऱ्यात रंगाखेरीज अंतर कोणते? तरुण कार्यकर्त्याने हा प्रश्न आधी आम्हाला विचारावयास हवा होता.

गंडा बांधणे योग्य होते असे आमचे म्हणणे नाही. ते प्रतिज्ञेच्या विरुद्धच होते. पण ज्या रात्री तो बांधला गेला, त्या रात्री त्या घरी जाऊन मुलाला दवाखान्यात नेणारा एकही उपासक आमच्यात निघाला नाही, हेही प्रतिज्ञेच्या विरुद्ध होते. सर्व प्राणिमात्रांविषयी करुणेची प्रतिज्ञा त्याच बावीसांत आहे. एकीचा भंग सर्वांना दिसला; दुसरीचा भंग कोणालाच दिसला नाही.

म्हणून त्या उपासिकेच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला असे द्यावेसे वाटते. बाई, देव टाकावयाला तुमचे वडील एकटे गेले नव्हते. भय टाकावयाला तुम्ही एकट्या का जावे? हे उत्तर सभेत देण्याचे नव्हे. ते त्यांच्या घरी जाऊन, मुलाची प्रकृती विचारून, आणि पुढच्या तापाच्या रात्री हाक मारा असे सांगून द्यावयाचे आहे. संघाला शरण जाणे या वचनाचा गृहस्थांपुरता अर्थ आम्हाला एवढाच कळतो की, भय आले असता माणसाला जावयास जागा असावी. ती जागा आपला विहार झाला, तर गंडा आपोआप सुटेल. ती जागा आपण निर्माण केली नाही, तर ‘अधम्म म्हणजे काय’ हे प्रकरण दरवर्षी वाचले जाईल आणि दरवर्षी एखादी उपासिका उठून जाईल.