‘वावटळ’ आणि बिस्किटाचा डबा

मंडळी, आरमोरीत जर्मन तोफांवर बोलणार म्हटल्यावर आम्हाला विचारलं गेलं, “वाघावर बोला, धानावर बोला, हे कशाला?” कारण साधं आहे. आपल्या पोरांच्या मोबाईलवरच्या खेळांत ही यंत्रं रोज धावतात, आणि त्यांचं जे कौतुक चालतं ते आम्हाला खटकतं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पॅन्झर-४ रणगाड्याच्या सांगाड्यावर विमानविरोधी तोफा बसवल्या. नावं बघा. विर्बेलविंड म्हणजे वावटळ, ओस्टविंड म्हणजे पूर्वेचा वारा, कुगेलब्लिट्झ म्हणजे गोल वीज. उन्हाळ्यात रिकाम्या बांध्यांवरून उठणारी वावटळ तुम्ही पाहिलीच आहे. आता आकडे बघा. वावटळी सुमारे १००, पूर्वेचे वारे ५० च्या आत, गोल विजा बोटांवर मोजण्याइतक्या. पँथर रणगाड्यावरची तोफ तर लाकडी नमुन्यापुढं गेलीच नाही. त्याच युद्धात अमेरिकेनं पुढं चाकं, मागं पट्टे अशा गाडीवर चार मशीनगन बसवल्या आणि अशा २,५०० हून जास्त एम-१६ गाड्या काढल्या. गंमत म्हणजे आकाशही त्यांच्याच ताब्यात होतं!

वावटळीची रचना नीट पाहू, कारण खरी टीका तिथं आहे. २० मिलिमीटरच्या चार नळ्या, नऊ बाजूंचा बुरूज, वर छप्पर नाही. सैनिक तिला बिस्किटाचा डबा म्हणत. छप्पर नसण्याला कारण होतं: बंद बुरुजात चार नळ्यांचा धूर कोंडला असता, आणि रडार नसल्यानं विमान डोळ्यांनीच हेरायचं होतं. नळीला २० गोळ्यांची पेटी, क्षणात रिकामी. दोन माणसं उघड्या आभाळाखाली पेट्या बदलत राहणार, आणि विमान त्यांच्याच अंगावर येणार. खाली सांगाडा बहुधा दुरुस्तीला आलेल्या जुन्या रणगाड्याचा. कल्पना चांगली, पण १९४४ उजाडेपर्यंत उशीर झालेला. तोवर जर्मन विमानदळाचा आकाशावरचा ताबा सुटला होता. गेलेल्या आकाशाची भरपाई जमिनीवरून करायचा हा खटाटोप, आणि आपण त्याला तंत्राचा चमत्कार म्हणतो.

दुसऱ्या बाजूला आपली माणसं होती, हेही खेळात दिसत नाही. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर हल्ला झाला, तेव्हा आधी दोस्तांच्या शेकडो बॉम्बफेकी विमानांनी पलीकडचा भाग भाजून काढला. तरी बांधावरच्या मशीनगन शिल्लक होत्याच. त्या गप्प केल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधव यांनी, जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन परत आणल्यावर. नगर जिल्ह्यातला हा शिपाई, हुद्दा कंपनीचा निरोप्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

कल्पना मेली नाही, हे मान्य. आपल्या लष्करातली रशियन शिल्का बघा: पट्ट्यांवर धावणारी गाडी, २३ मिलिमीटरच्या चार नळ्या, बंद बुरूज आणि रडार. वावटळीत जे नव्हतं तेच तिच्यात आलं.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात पोरांना न्या. ते १९९४ पासून आहे. पोरं आधी नळीची लांबी विचारतील, विचारू द्या. मग आत किती माणसं बसत आणि बाहेर कुठून पडत, ते तुम्ही विचारा.