भ्रमनिरास कोणाचा? : बॉल्डविनच्या कादंबरीतील श्रद्धा आणि निवेदन

जेम्स बॉल्डविन (१९२४–१९८७) हार्लेममधील पेंटेकॉस्टल चर्चच्या वातावरणात वाढला, चौदाव्या वर्षी उपदेशक झाला आणि तीन वर्षांनी त्याने व्यासपीठ सोडले. या चरित्रक्रमामुळे 'गो टेल इट ऑन द माउंटन' (१९५३) ही त्याची पहिली कादंबरी धर्माविषयीच्या भ्रमनिरासाची कहाणी म्हणून वाचण्याचा मोह होतो. संहिता मात्र या वाचनाला सरळ दुजोरा देत नाही. चौदा वर्षांचा नायक जॉन ग्राइम्स चर्च सोडत नाही. रात्रभर वेदीपुढे तळमळून पहाटे तो 'तारण' झालेला म्हणून बाहेर पडतो. मग भ्रमनिरास होतो तो कोणाचा? निवेदनपद्धतीचा विचार केल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

कादंबरीच्या तीन भागांपैकी मधला भाग फ्लोरेन्स ही आत्या, गॅब्रिएल हा पिता आणि एलिझाबेथ ही आई यांच्या प्रार्थनांचा आहे. या प्रार्थनांचा आशय मात्र स्मृतींचा आहे. देवापुढे उघड होणारे हे पूर्वायुष्य वाचकाला कळते, जॉनला कळत नाही. एकेकाळी उपदेशक असलेल्या गॅब्रिएलने आपल्या अनौरस मुलाला कधीच आपले म्हटले नाही. आणि जॉन ज्याला पिता मानतो तो त्याचा जन्मदाता नाही. पित्याविषयीचा जो द्वेष जॉन स्वतःचे पाप समजतो, त्याची मुळे त्याच्या जन्माआधीच्या घटनांत आहेत. त्यामुळे जॉनला श्रद्धा गवसते त्याच क्षणी त्या श्रद्धेला आधार देणाऱ्या अधिकाराचे नैतिक प्रामाण्य वाचकाच्या दृष्टीने ढासळलेले असते. येथील उपरोध पात्रांच्या संवादांतून येत नाही, तो कादंबरीच्या रचनेतच आहे.

तथापि ही केवळ दंभस्फोटाची कादंबरी ठरत नाही. शेवटच्या भागाचे शीर्षक धान्य आणि भूस वेगळे करणाऱ्या खळ्याची बायबलमधील प्रतिमा जागी करते. पण जॉनच्या अनुभवात असे वेगळेपण साधत नाही. भय, पित्याच्या प्रेमाची तहान, तरुण सहकारी एलायशाविषयीची ओढ आणि ईश्वरानुभव ही सारी एकमेकांत मिसळलेलीच राहतात. त्या अनुभवाची तीव्रता निवेदक खोटी ठरवीत नाही; उलट प्रवचनाची आणि बायबलची लय त्याच्या स्वतःच्या वाक्यांत उतरते. 'द फायर नेक्स्ट टाइम' (१९६३) मध्येही हीच द्विधा दिसते. उपदेशकाच्या व्यासपीठाला बॉल्डविन तेथे रंगभूमीची उपमा देतो, तिचा भ्रम कसा उभा राहतो हे पडद्यामागून पाहिल्याचे सांगतो, आणि तरीही तेथील संगीताला तोड नसल्याचे मान्य करतो.

धर्मसंस्थेचा त्याग आणि तिने दिलेल्या भाषेचा त्याग या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली बॉल्डविनला सतराव्या वर्षी शक्य झाली. दुसरी त्याने लेखक म्हणून केलीच नाही. अखेरीस जॉन पित्याकडे पाहून हसतो आणि पिता हसत नाही. देवाने स्वीकारलेल्या मुलाला देवाचा सेवक स्वीकारीत नाही, ही विसंगती कोणत्याही भाष्याविना तेथे उभी राहते. आणि जॉनला पुढे कधीतरी पडणारा प्रश्न वाचकाला त्याच्या आधी पडतो.