इंग्रजी वाक्यसंयोग: लांबी आणि अर्थसंबंध

लहान वाक्ये जोडण्याच्या सरावाने, औपचारिक व्याकरण न शिकवताही, सातवीच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेखन सुधारते, असे फ्रँक ओ’हेअर यांच्या १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासातून दिसून आले. तथापि वाक्याची लांबी म्हणजे शैलीची प्रौढता नव्हे, हा फ्रान्सिस क्रिस्टेन्सेन यांचा १९६८ मधील आक्षेप आजही विचारार्ह ठरतो. ‘पाऊस पडला’ आणि ‘सामना झाला’ या अर्थाची दोन इंग्रजी वाक्ये ‘अँड’ने जोडल्यास दोन घटना केवळ शेजारी ठेवल्या जातात; ‘आफ्टर’ने त्यांचा क्रम, तर ‘ऑल्दो’ने विरोध स्पष्ट होतो. अर्थात, जोडशब्दाची निवड हा लेखकाच्या विचाराचा निर्णय असतो. त्याकडे दुर्लक्ष करणारा सराव वाक्य वाढवितो, विचार नव्हे. म्हणूनच मूल्यमापनात लांबीपेक्षा अर्थसंबंधाच्या अचूकतेस प्राधान्य मिळणे आवश्यक आहे.