उंबऱ्यावरचा लेखक : बेंजामिन लॉ

अल्पसंख्य समाजातील लेखकापुढे एक जुना प्रश्न असतो. घरात जे आहे ते बहुसंख्याकांसमोर, त्यांच्याच भाषेत, किती उघडे करायचे? आम्ही मुस्लिम मराठी लेखकांनी हा प्रश्न पुष्कळ सोसला आहे. हमीद दलवाईंचे 'इंधन' 1965 साली आले तेव्हा तो होता आणि 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हाही होता. एक बाजू म्हणते, आधीच बदनाम केलेल्या समाजाची उणीदुणी चव्हाट्यावर का मांडता? दुसरी म्हणते, आम्ही लिहिले नाही तर आमच्याविषयी दुसरेच लिहितील. हा पेच केवळ आमचा नाही हे ध्यानात यावे म्हणून ऑस्ट्रेलियातील बेंजामिन लॉ या लेखकाच्या कामाची चिकित्सा येथे करत आहोत.

लॉ यांचा जन्म 1982 चा. क्वीन्सलँड राज्यातील नांबूर या उसाच्या पट्ट्यातल्या गावी ते वाढले. आईवडील हाँगकाँगहून आलेले चिनी, वडिलांचा रेस्टॉरंटचा व्यवसाय आणि घरात पाच भावंडे. ज्या देशाने 1901 मध्ये कायदा करून गोरेतरांना दार बंद केले आणि ते धोरण 1973 मध्ये पूर्णपणे मोडीत काढले, त्या देशात हे कुटुंब स्थिरावले. मुलगा शाळेत असताना, 1996 साली, त्याच क्वीन्सलँडमधून पॉलिन हॅन्सन संसदेत निवडून गेल्या आणि पहिल्याच भाषणात त्यांनी आशियाई स्थलांतरितांविरुद्ध सूर लावला. पुरुषांमधील समलिंगी संबंध तर या राज्यात 1990 सालच्या कायदेबदलापर्यंत गुन्हाच होते. लॉ समलिंगी आहेत. म्हणजे गावात ते चिनी म्हणून वेगळे आणि चिनी घरात समलिंगी म्हणून वेगळे. अल्पसंख्याकांतील अल्पसंख्य म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना फोड करून सांगायला नको.

2008 मध्ये ॲलिस पंग यांनी आशियाई ऑस्ट्रेलियन लेखकांच्या बालपणाच्या आठवणींचा संग्रह संपादित केला, त्यात लॉ यांचे लेखन आले. 2010 मध्ये 'द फॅमिली लॉ' हे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. नावातच कोटी आहे. आडनाव लॉ आणि विषय घराचा कायदा. आईवडिलांचा काडीमोड, भावंडांची भांडणे, मुलांसमोर बाळंतपणाच्या वेदनांचे खुसखुशीत वर्णन करणारी आई, असे हे विनोदी निबंध आहेत. मुलगा समलिंगी आहे हे कळल्यावर आईने त्यात काही वाईट पाहिले नाही, मात्र आपल्या गर्भातच काही बिघडले असावे असा तर्क केला. या प्रसंगी लेखक रडगाणे गात नाही आणि आईला अडाणीही ठरवत नाही. माया आणि गैरसमज एकाच तोंडून कसे बाहेर पडतात, एवढेच तो दाखवतो.

पुस्तकावरून एसबीएस या वाहिनीने मालिका केली. 2016 ते 2019 या काळात तिचे तीन भाग झाले. ऑस्ट्रेलियाच्या पडद्यावर आशियाई माणूस बहुधा दुकानदार किंवा डॉक्टर म्हणून क्षणभर दिसायचा. येथे तो घरमालक झाला आणि पाहुणा झाला गोरा शेजारी. एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या 'स्टॉप एव्हरीथिंग' या संस्कृतीविषयक कार्यक्रमात लॉ काही वर्षे बेव्हर्ली वँग यांच्याबरोबर सूत्रधार होते. ज्याच्याविषयी इतर बोलत असत तोच आता बोलू लागला.

पण घराची थट्टा हा विश्वासघात नव्हे काय? आमच्या मते लॉ यांच्या बाबतीत याचे उत्तर त्यांच्या घरानेच दिले आहे. आई जेनी फँग यांनी मुलासोबत वाचकांच्या लैंगिक आणि वैवाहिक प्रश्नांना उत्तरे देणारे सदर चालवले, 2017 मध्ये त्याचे 'लॉ स्कूल' हे पुस्तकही झाले. धाकटी बहीण मिशेल लॉ हिचे 'सिंगल एशियन फीमेल' हे नाटक त्याच वर्षी ब्रिस्बेनमध्ये रंगमंचावर आले. त्यात त्याच किनाऱ्यावरचे चिनी रेस्टॉरंट आहे, मात्र ते बाईच्या नजरेतून दिसते. ज्यांच्यावर हसले गेले त्यांना उलट हसण्याची, आपले म्हणणे मांडण्याची मुभा मिळाली. विनोद न्याय्य की अन्याय्य हे ओळखण्याची आमची कसोटी हीच आहे.

याच कसोटीवर त्यांचे दुसरे पुस्तक 'गेशिया' (2012) उणे पडते. आपण आशियातच वाढलो असतो तर काय झाले असते, या कुतूहलाने लॉ इंडोनेशिया, थायलंड, चीन, जपान, मलेशिया, म्यानमार आणि भारत असे सात देश फिरले. आईवडिलांच्या समाधानासाठी समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्री एकमेकांशी लग्न लावतात, त्या चीनमधील प्रथेवरचा भाग अस्सल आहे. आपल्याकडेही 'लग्न झाले की सुधारेल' म्हणत दोन आयुष्यांची राख होते, म्हणून तो वाचताना आतून हलायला होते. भारतात लेखक समलिंगीपणा 'बरा' करणाऱ्या योगाकडे वळतो. तेथे हसू येते खरे, पण ज्या तरुणाला घरचे लोक जबरदस्तीने अशा उपचाराला नेतात त्याला हसता येत नाही. ऑस्ट्रेलियाचे पारपत्र खिशात असलेला माणूस परत जातो. म्यानमारमधील एचआयव्हीबाधित देहविक्रय करणारी माणसे मागेच राहतात, आणि त्यांनी उलट लिहिलेले पुस्तक नाही.

आणखी एक गोष्ट. भारत, मलेशिया आणि म्यानमार या तीनही देशांत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 याच आकड्याने ओळखले गेले, कारण ते इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेतून दिले. 'आशियाई संस्कृती' म्हणून ज्याचा उच्चार होतो त्यातला मोठा हिस्सा वसाहतीचा आहे. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये ते कलम सैल केले, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये पुन्हा आवळले आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी संमतीने राहणाऱ्या प्रौढांपुरते रद्द केले. विवाहाचा हक्क मात्र 2023 मध्ये नाकारला. ऑस्ट्रेलियात 2017 च्या टपाली कौलात 61.6 टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला होकार दिला आणि डिसेंबरात कायदा झाला.

त्याच वर्षी लॉ यांनी शाळांतील समलिंगी मुलांच्या संरक्षणाच्या कार्यक्रमाविरुद्ध उठलेल्या गदारोळावर 'मॉरल पॅनिक 101' हा दीर्घ निबंध लिहिला. ज्या मुलांसाठी कार्यक्रम होता त्यांचाच आवाज त्या गोंगाटात हरवला, हे त्यांचे निरीक्षण आहे. एखाद्या समाजाविषयी सगळे बोलतात, त्या समाजाला मात्र कोणी विचारत नाही, हा अनुभव मुसलमानांइतका कोणाला असेल? याच सुमारास विरोधी खासदारांविषयी त्यांनी समाजमाध्यमावर अश्लील विनोद केला आणि टीका ओढवून घेतली. ती टीका आम्हाला रास्त वाटते. घरातील आईला शोभणारा आचरटपणा संसदेच्या दारात नुसता आचरटपणा उरतो.

आता स्वतःकडे वळू. सलीम किदवई (1951–2021) यांनी रूथ वनिता यांच्यासह 2000 साली भारतीय साहित्यातील समलिंगी प्रेमाचा जो संग्रह सिद्ध केला, त्यात फारसी आणि उर्दू परंपरेची पाने मोठी आहेत. मराठीत सचिन कुंडलकरांचे 'कोबाल्ट ब्लू' 2006 मध्ये आले. मुस्लिम मराठी साहित्यात मात्र हे पात्र आम्हाला अजून भेटायचे आहे, आणि भेटले तरी ते मेलेले किंवा बरे झालेले असेल अशी भीती वाटते. धर्माचा निवाडा सांगणे हे आमचे काम नाही, ते आलिमांनी पाहावे. पण दुसऱ्याच्या ऐबावर पडदा टाकावा अशी शिकवण आम्हाला घरातून मिळाली आहे. तो पडदा माणसाची इज्जत राखण्यासाठी आहे, माणसाला त्याच्याआड गाडण्यासाठी नाही. अम्मीच्या स्वयंपाकघरात बसून, दखनी बोलीत, हसत हसत स्वतःविषयी सांगू शकणारा मुलगा आमच्या कथेत यायला हवा. त्याची अम्मी त्याला उलट चार शब्द सुनावील, तेही छापावे. बेंजामिन लॉ यांच्याकडून घ्यायचे असेल तर एवढेच घ्यावे.